ओळ कुणी तोडायची?

मोडीतला जुना कागद उघडला की आधी डोळ्यांत भरते ती वरची सलग रेघ. लिहिणाऱ्याने आधी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली अक्षरं अडकवत नेली. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याची खूण कागदावर नसते. दोन शब्दांत जागा सोडायची रीतच नव्हती. पदच्छेद वाचणाऱ्याने करायचा. ज्याला विषय ठाऊक, गावशिवार ठाऊक, त्याचा छेद नेमका पडतो. नवख्याचं एखादं अक्षर अलीकडच्या शब्दातून पलीकडच्या शब्दात जातं आणि अर्थ फिरतो.

कमांड लाईनवर, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायच्या जागी, लिहिलेली ओळही अशीच सलग असते. ती कुणीतरी तोडावी लागते. लिनक्स, मॅक आणि विंडोज यांच्यात ऑप्शन, म्हणजे हुकुमासोबतच्या सूचना, डॅशने लिहायचे की स्लॅशने, हा फरक लगेच दिसतो, म्हणून त्यावरच जास्त बोललं जातं. खरा फरक त्याच्या एक पायरी आधी आहे: ओळ तोडायचं काम कुणाचं? या एका प्रश्नाच्या उत्तरातून बाकीच्या बहुतेक अडचणी निघतात. म्हणून ऑप्शन वाचणारा प्रोग्राम लिहायला बसण्याआधी हे उत्तर नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

समजा, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारातले कांद्याचे रोजचे दर गोळा करणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याचं नाव ‘भाव’. तो लिहिणाऱ्याच्या टेबलावर, नाशिकला गंगापूर रोडवर, मॅक आहे. वापरणारा निफाडला आडतीच्या गाळ्यात बसतो, त्याच्याकडे विंडोज. आणि रात्री सगळ्या फाइली एकत्र करणारा सर्व्हर लिनक्सचा. (कमांडची नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप होतात, इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.) ओळ अशी:

भाव --बाजार लासलगाव -न ५ "उन्हाळ कांदा.सीएसव्ही"

लिनक्सवर आणि मॅकवर रिटर्न दाबला की ही ओळ आधी शेलच्या, म्हणजे टाइप केलेला हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात पडते. स्पेस दिसेल तिथे शेल ओळ तोडतं, मात्र अवतरणातली स्पेस तशीच ठेवतं. डॉलरचं चिन्ह असेल तर त्या नावाची किंमत भरतं. तारा (*) दिसला तर त्या जागी फोल्डरमधल्या जुळणाऱ्या फाइलींची नावं ओळीने मांडतं. सगळ्यात शेवटी अवतरणचिन्हं काढून टाकतं. मग कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाते ती ओळ नव्हे, तुकड्यांची यादी. वरच्या ओळीचे सहा तुकडे: भाव, --बाजार, लासलगाव, -न, ५ आणि उन्हाळ कांदा.सीएसव्ही. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. प्रोग्रामला मूळ ओळ कधीच दिसत नाही. अवतरण एकेरी होतं की दुहेरी, दोन शब्दांत एक स्पेस होती की चार, तारा वापरला होता की नावं हाताने लिहिली होती, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

ही सोय फार मोठी आहे. मात्र तिची एक बाजू सांभाळावी लागते. तारा उलगडून आलेलं नाव आणि माणसाने लिहिलेला ऑप्शन, दोन्ही प्रोग्रामला सारखेच दिसतात. फोल्डरमध्ये ‘-आरएफ’ नावाची फाइल कुणी चुकून तयार केली असेल आणि त्या फोल्डरमध्ये कुणी ‘आरएम *’ ही फाइली पुसणारी कमांड चालवली, तर आरएमला ती फाइल दिसत नाही, हुकूम दिसतो. आतले फोल्डर न विचारता पुसले जातात आणि ती विचित्र नावाची फाइल तेवढी शिल्लक राहते. उपाय दोन आहेत. ताऱ्याच्या आधी ‘./’ लावायचं, म्हणजे कुठलंही नाव डॅशने सुरूच होत नाही. किंवा नावांच्या आधी नुसते दोन डॅश द्यायचे. पॉझिक्सच्या, म्हणजे यूनिक्सच्या वळणाच्या सिस्टिमांसाठी ठरवलेल्या, नियमांत ‘--’ या एकट्या तुकड्याचा अर्थ ठरलेला आहे: ऑप्शन संपले, यापुढे जे येईल ती नावं. यातला पहिला उपाय अधिक भक्कम. ‘--’ न ओळखणारे प्रोग्राम आजही सापडतात, ‘./’ मात्र सगळ्यांना कळतं.

ताऱ्याला फाइलच सापडली नाही तर? बॅश, म्हणजे बहुतेक लिनक्सवर असणारं शेल, तो तारा जसाच्या तसा प्रोग्रामला देतं. झेडशेल, म्हणजे २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून मॅकवर मुळात येणारं शेल, ‘काही जुळलं नाही’ म्हणून तिथेच थांबतं आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. त्यामुळे ‘--फक्त=*.सीएसव्ही’ असं अवतरणाशिवाय लिहिलेलं सर्व्हरवर चालतं आणि मॅकवर अडतं. लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्या कोडमध्ये चूक आहे. कोडपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. तसंच घराच्या फोल्डरची ‘~’ ही खूण: ‘--फाइल ~/दर’ असं स्पेस देऊन लिहिलं तर शेल ती उलगडतं; ‘--फाइल=~/दर’ असं जोडून लिहिलं तर बॅश आणि झेडशेल दोन्ही ती सहसा तशीच सोडतात आणि प्रोग्राम ‘~’ नावाचा फोल्डर शोधत बसतो. मदतीच्या मजकुरात जोडून लिहायची पद्धत दाखवली असेल, तर ही खूण प्रोग्रामने स्वतः उलगडावी हे बरं.

फाइली खूप झाल्या की यादीची लांबी आडवी येते. लिनक्समध्ये पूर्वी सगळ्या तुकड्यांना मिळून १२८ किलोबाइट जागा असे. २.६.२३ या आवृत्तीपासून स्टॅकच्या, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीच्या, मर्यादेचा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे नेहमीच्या ८ मेगाबाइट स्टॅकवर २ मेगाबाइट. एकट्या तुकड्याला मात्र १२८ किलोबाइटची हद्द कायम आहे. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट लागतात, त्यामुळे मराठी नावांच्या फाइली ही जागा लवकर भरतात. अशा वेळी ताऱ्याच्या नादी न लागता फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’कडून, गठ्ठे करून कमांडला देणाऱ्या ‘एक्सआर्ग्स’ला नावं द्यावीत. मात्र फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्सला ‘-०’ सांगून, म्हणजे नावं शून्य बाइटवर तुटतील आणि ‘उन्हाळ कांदा’चे दोन तुकडे होणार नाहीत.

आता निफाडचा गाळा.

विंडोजवर कहाणी उलटी आहे. तिथे नवा प्रोग्राम सुरू करणारी ‘क्रिएटप्रोसेस’ ही हाक तुकडे घेत नाही, आख्खी ओळ घेते. जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांची एक सलग ओळ, अवतरणांसकट. ती जशीच्या तशी प्रोग्रामच्या दारात येऊन पडते. हा मोडीचा कागद. पदच्छेद प्रोग्रामने करायचा. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामसाठी हे काम मायक्रोसॉफ्टचं रनटाइम, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला आधाराचा कोड, ‘मेन’ हा प्रोग्रामचा पहिला भाग सुरू होण्याआधी गुपचूप करतं, म्हणून अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण हे काम कुणी कसंही करू शकतं. दोन प्रोग्राम एकच ओळ दोन रीतींनी तोडू शकतात, आणि तोडतातही.

या रूपाचं मूळ डॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये, आहे. तिथे प्रोग्रामच्या सुरुवातीच्या २५६ बाइटांतले शेवटचे १२८ कमांडच्या उरलेल्या ओळीसाठी राखलेले असत. पहिल्या बाइटमध्ये लांबी, शेवटी रिटर्न, मधे १२६ अक्षरं. एवढ्या जागेत यादी कसली मांडणार? स्लॅशची गोष्टही त्याच काळातली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते आणि ऑप्शन स्लॅशने लिहायची सवय पडून गेली होती. १९८३ मध्ये २.० आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा यूनिक्ससारखा स्लॅश पत्त्यासाठी वापरायचा, तर जुने ऑप्शन मोडले असते. म्हणून पत्त्यासाठी उलटा स्लॅश आला. आणि त्या उलट्या स्लॅशमुळेच पुढची सगळ्यात चिवट अडचण उभी राहिली.

ती जवळून पाहू. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइमचा नियम असा: उलटा स्लॅश एरवी साधं अक्षर आहे, पण त्याच्या लगेच पुढे दुहेरी अवतरण आलं की त्याला वेगळा अर्थ येतो. अवतरणाआधी उलटे स्लॅश सम संख्येने असतील, तर त्यांच्या निम्मे उरतात आणि अवतरण अवतरणाचंच काम करतं. विषम असतील, तर जोड्यांचे निम्मे उरतात आणि शेवटचा एकटा स्लॅश अवतरणाला साधं अक्षर बनवतो. आता आडतीवरच्या माणसाने लिहिलं:

भाव --फोल्डर "डी:\कांदा भाव\" --बाजार लासलगाव

त्याने फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश दिला. नावात स्पेस आहे म्हणून अवतरणही दिलं. दोन्ही गोष्टी योग्यच. पण शेवटच्या ‘\"’ मुळे अवतरण बंद झालंच नाही, ते नावातलं एक अक्षर बनलं. त्यामुळे फोल्डरच्या नावात पुढचं ‘--बाजार लासलगाव’ सगळं शिरलं. प्रोग्राम म्हणतो, बाजार सांगितला नाही. माणूस स्क्रीनकडे पाहतो, बाजार तर समोर लिहिलेला आहे! उपाय: शेवटचा स्लॅश काढायचा, किंवा तो दोनदा लिहायचा. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढं करावं, की फोल्डरच्या नावात दुहेरी अवतरण सापडलं तर लगेच सांगावं: शेवटचा उलटा स्लॅश काढून पाहा. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात दुहेरी अवतरण असूच शकत नाही, त्यामुळे ही खूण बिनचूक ठरते.

विंडोजच्या सीएमडी या शेलमध्ये एकेरी अवतरणाला काहीच अर्थ नाही, हेही मॅकवरून मदतीचा मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला नोंदीच्या निरोपासाठी ‘-एम 'पहिली नोंद'’ असं सीएमडीतून दिलं तर निरोपात फक्त ‘'पहिली’ जातं आणि ‘नोंद'’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून गिट तक्रार करतं. दोन्हीकडे चालेल असं उदाहरण द्यायचं तर नेहमी दुहेरी अवतरणात द्यावं. सीएमडीची ओळ ८,१९१ अक्षरांपर्यंतच असते, आणि ताराही सीएमडी उलगडत नाही. ‘*.सीएसव्ही’ प्रोग्रामला तसंच मिळतं, उलगडायचं त्यानेच. म्हणजे मॅकवर लिहिलेला ‘भाव’ ताऱ्याचं काम शेलवर सोडून निर्धास्त असतो आणि निफाडला तो ‘*.सीएसव्ही’ नावाची फाइल शोधतो.

सगळ्यात काळजीची जागा बॅच फाइलची, म्हणजे सीएमडीच्या कमांडी ओळीने लिहिलेल्या फाइलची. दुसऱ्या प्रोग्राममधून बॅच फाइल चालवली की मधे सीएमडी येतं, आणि सीएमडी ओळ स्वतःच्या वेगळ्या नियमांनी वाचतं. अवतरणं रनटाइमच्या नियमाने नीट लावलेली असली तरी सीएमडीला ती तशी दिसत नाहीत आणि बाहेरून आलेल्या मजकुरातून नवी कमांड घुसवता येते. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट भाषेने यासाठी १.७७.२ ही दुरुस्ती काढली, आणि हा धोका एकट्या रस्टचा नव्हता. बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलला ऑप्शन म्हणून देऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फाइलमधून द्यावा किंवा स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे प्रोग्रामच्या वाचायच्या वाटेने.

विंडोजच्या पॉवरशेल या दुसऱ्या शेलचे नियम आणखी निराळे. तिथल्या स्वतःच्या कमांडी ‘-नाव’ असे एका डॅशचे लांब ऑप्शन घेतात, लहानमोठं अक्षर एकच मानतात. मात्र बाहेरच्या प्रोग्रामला दुहेरी अवतरण असलेला मजकूर देताना पॉवरशेल बरीच वर्षं ती अवतरणं गाळत असे. ते ७.३ मध्ये सुधारलं, पण विंडोजसोबत येणारं ५.१ अजून तसंच आहे.

ओळ तुटली, तुकडे मिळाले. आता ऑप्शन कुठला आणि नाव कुठलं, हे ठरवायचं.

यासाठीचं जुनं आणि विश्वासाचं साधन म्हणजे सी भाषेतलं ‘गेटऑप्ट’. एटी अँड टीने ते १९८५ मध्ये डॅलसच्या यूनिफोरम परिषदेत सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याला एक छोटी अक्षरओळ द्यायची: चालणारी अक्षरं एकापुढे एक, आणि ज्या अक्षराला किंमत लागते त्याच्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके. एवढ्यावर ते ‘-ए -बी’ आणि ‘-एबी’ दोन्ही ओळखतं, ‘-एन ५’ आणि ‘-एन५’ एकच धरतं, ‘--’ पाशी थांबतं. काम संपलं की उणे एक परत देतं.

या उणे एकमध्ये एक खड्डा आहे. परत आलेली किंमत ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या जागेत, ठेवायची असते. अनेक जण ‘चार’मध्ये, म्हणजे एका अक्षराच्या जागेत, ठेवतात, कारण ऑप्शन हे अक्षर आहे असं वाटतं. इंटेलच्या मशीनवर ‘चार’ ऋण संख्या घेतो, म्हणून सगळं चालतं. एआरएम जातीच्या चिपवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, ‘चार’ ऋण नसतो. उणे एकचे २५५ होतात, ते उणे एकशी कधीच जुळत नाहीत, आणि प्रोग्राम एक तर गोल फिरत राहतो किंवा प्रत्येक वेळी ‘चुकीचा ऑप्शन’ म्हणून मदत दाखवतो. अ‍ॅपलच्या नव्या चिपा एआरएमच असल्या तरी तिथे ‘चार’ ऋण घेतो, त्यामुळे मॅकवर ही चूक लपून राहते. शेडमधल्या वजनकाट्याला जोडलेल्या रास्पबेरी पायवर ती बाहेर येते. कंपाइलरला इशारे द्यायला सांगितलं असेल तर कधी पकडली जाते, पण भरवसा ठेवावा तो ‘इंट’ लिहिण्यावरच.

दुसरा फरक क्रमाचा. लिनक्सवरचं, म्हणजे ग्नूचं, गेटऑप्ट तुकड्यांची जागा बदलतं: नावानंतर आलेला ऑप्शनही ते ऑप्शन म्हणूनच घेतं. बीएसडीच्या वळणाचं, म्हणजे मॅकवरचं, पहिलं नाव दिसलं की थांबतं. ‘एलएस फोल्डर -एल’ लिनक्सवर लांब यादी देतं. मॅकवर ‘-एल’ नावाची फाइल सापडत नाही म्हणतं. पॉझिक्सचा नियम मॅकच्या बाजूचा आहे: ऑप्शन आधी, नावं नंतर. लिनक्सवरही ‘पॉझिक्सली_करेक्ट’ हे एन्व्हायर्नमेंटमधलं नाव लावलं की ग्नूचं साधन तसंच वागतं. स्क्रिप्टची मॅकवर चाचणी करायची सोय नसेल, तर लिनक्सवर हे नाव लावून एकदा चालवून पाहावी. निम्मे घोटाळे तिथेच सापडतात.

आणि ‘सेड -आय’. फाइल जागच्या जागी बदलण्याच्या या ऑप्शनपुढे जुनी प्रत ठेवण्यासाठी शेपूट देता येतं. ग्नूमध्ये ते ऐच्छिक आहे आणि ऐच्छिक किंमत चिकटूनच लिहावी लागते. मॅकवर ते सक्तीचं आहे, म्हणून पुढचा तुकडा कुठलाही असो, तो शेपूट म्हणून घेतला जातो. मॅकवर ‘सेड -आय -ई’ असं लिहिलं तर बदल होतो, पण फोल्डरमध्ये नावाशेवटी ‘-ई’ लागलेली एक नवी फाइल दिसू लागते. ती ‘-ई’ला शेपूट समजून ठेवलेली जुनी प्रत असते. मॅकवाले यावर रिकामं अवतरण देतात. तीच ओळ लिनक्सवर दिली की रिकामं अवतरण हीच कमांड ठरते आणि खरी कमांड फाइलचं नाव. दोन्हीकडे चालणारी रीत एकच: ‘-आय.बॅक’ असं शेपूट चिकटवून लिहायचं आणि मागून ती प्रत पुसायची. आपल्या प्रोग्राममध्ये ऐच्छिक किंमत घेणारा ऑप्शन ठेवायचा मोह झाला तर हे उदाहरण आठवावं आणि सरळ दोन ऑप्शन करावेत.

टारला डॅश लागत नाही, डीडी ‘इफ=’ ‘ऑफ=’ अशी भाषा बोलतो, फाइंड आणि जावा एका डॅशने लांब नाव घेतात, गो भाषेच्या स्वतःच्या साधनाला एक डॅश आणि दोन डॅश सारखेच. या चाली पाठ करायच्या, वाद घालायचा नाही. लांब नावांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्नूचं साधन आणि पायथनचं आर्गपार्स अर्धवट नावही ओळखतात: ‘--बाजार’ऐवजी ‘--बाज’ चालतं. मग कुणी तरी रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये ‘--बाज’ लिहून ठेवतं, आणि पुढच्या वर्षी ‘--बाजरी’ हा ऑप्शन आला की ती स्क्रिप्ट बंद पडते. पायथनमध्ये ३.५ पासून ही सूट ‘अलाउ_अ‍ॅब्रेव्ह’ने बंद करता येते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

आता त्या ओळीतलं ‘-न’.

गेटऑप्ट एका बाइटचं अक्षर जाणतं. ‘न’ यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा आहे, म्हणून ‘-न’ त्याला तीन अनोळखी ऑप्शन एकत्र लिहिल्यासारखं दिसतं आणि तीन चुका छापल्या जातात. ‘--बाजार’ला मात्र काही अडचण नाही: लांब नावं बाइटामागून बाइट जुळवली जातात आणि मधलं ‘=’ एका बाइटचंच आहे. म्हणजे मराठीत ऑप्शन ठेवायचे तर लांब नावांतच ठेवावेत, एक अक्षरी ऑप्शन रोमनमध्ये. हे जमतं, आणि मला ते हवंसं वाटतं. आडतीवरच्या माणसाला ‘--पासून’ आणि ‘--पर्यंत’ समजावून सांगावं लागत नाही.

त्यापुढचं ‘५’. मजकुराची संख्या करणारं सी भाषेतलं ‘एटोआय’ मराठी आकडा पाहून शून्य देतं, न बोलता. पाच दिवसांचे दर मागितले आणि शून्य दिवसांचे आले, चूक कुठेही दिसत नाही. गोमध्ये चूक येते, जावास्क्रिप्टमध्ये ‘संख्या नाही’ येतं. पायथनचं ‘इंट’ मात्र ‘५’ला पाच म्हणून घेतं. मराठी कीबोर्डवरून टाइप करणारा अंक मराठीच लिहिणार. तेव्हा संख्या वाचण्याआधी ० ते ९ या देवनागरी अंकांची अदलाबदल स्वतः करून घ्यावी, दहा ओळींचंही काम नाही. आणि सीमध्ये ‘एटोआय’ सोडून ‘स्ट्रटोल’ वापरावं. ते कुठे थांबलं हे सांगतं, त्यावरून पूर्ण तुकडा वाचला गेला की नाही हे कळतं.

विंडोजवर साधं ‘मेन’ वापरलं तर तुकडे त्या मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक तक्त्यात, येतात, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज कधीच नव्हतं. ‘कांदा’चे पाच प्रश्नचिन्ह होतात. डोळ्याला अक्षरं दोन, पण क, काना, अनुस्वार, द, काना मिळून पाच खुणा. आणि विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह ही ‘कुठलंही एक अक्षर’ अशी खूण आहे! फाइली शोधणाऱ्या हाकेला ते नाव दिलं, तर पाच खुणांच्या नावाची भलतीच फाइल हाती लागू शकते. ‘मेन’ऐवजी यूनिकोड घेणारं ‘डब्ल्यूमेन’ वापरावं, किंवा विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीत, यूटीएफ-८ मागून घ्यावं.

आणि ‘शेतकऱ्यांची यादी.सीएसव्ही’. यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. तिन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क पहिल्या प्रकाराचं नाव फोडून दुसऱ्या प्रकारात साठवत असे. ती फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर आली की कीबोर्डवरून टाइप केलेल्या नावाला ती सापडत नाही, कारण लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट. यूनिकोडचं एनएफसी हे ठरावीक जोडलेलं रूप पहिला आणि दुसरा प्रकार एकत्र आणतं, तिसरा त्याच्या कक्षेत येत नाही. ‘ॲ’चंही तसंच: एक अक्षर म्हणून लिहिलेला आणि अ वर चंद्र देऊन लिहिलेला, हे यूनिकोडच्या दृष्टीने वेगळेच राहतात.

यावर रीत अशी: फाइल उघडताना मिळालेले बाइट तसेच वापरायचे, त्यांना हात लावायचा नाही. ती सापडली नाही, तरच फोल्डरमधली नावं आणि मिळालेलं नाव दोन्ही एनएफसीत आणून, तिसरा प्रकार पहिल्यात बदलून, मग उरलेला न दिसणारा जोडक काढून तुलना करायची. एकच नाव जुळलं तर ते दाखवून विचारायचं. परस्पर उघडायचं नाही, कारण तिन्ही नावांच्या तीन वेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असू शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून आलेली कमांड ही तर रोजचीच गोष्ट. वर्ड दोन डॅशचा एक लांब डॅश करतं, सरळ अवतरणांची वाकडी करतं. शेलला वाकडं अवतरण साधं अक्षर वाटतं, म्हणून स्पेसवर ओळ तुटते. लांब डॅशने सुरू झालेला तुकडा ऑप्शन नसून फाइलचं नाव ठरतो. प्रोग्रामने पहिलं अक्षर लांब डॅश आहे का एवढं पाहिलं आणि ‘इथे दोन साधे डॅश हवेत’ म्हटलं, तर निफाडहून नाशिकला येणारे कितीतरी फोन वाचतील.

पासवर्ड ऑप्शनमधून घेऊ नये. लिनक्सवर चालू प्रोग्रामचे सगळे तुकडे ‘पीएस’ चालवणाऱ्या कुणालाही सहसा दिसतात. मदत मागितली तर ती स्टँडर्ड आउटपुटवर छापावी आणि शून्याने बाहेर पडावं. चूक झाली तर स्टँडर्ड एररवर लिहून शून्येतर आकड्याने, बहुधा २ ने. नाही तर रात्रीची स्क्रिप्ट चुकीचा संदेश दरांच्या फाइलमध्ये लिहून पुढे निघून जाते.

आणि चुकीच्या संदेशात प्रोग्रामला खरोखर मिळालेले तुकडे दाखवावेत, प्रत्येक तुकडा कंसात घालून. ओळ तोडणारा वेगळा, वाचणारा वेगळा, टाइप करणारा तिसराच. मधे काय झालं ते तिघांनाही दुसऱ्या कशातून दिसत नाही.

भाव: [उन्हाळ] ही फाइल सापडली नाही.
मिळालेले तुकडे: [भाव] [--बाजार] [लासलगाव] [उन्हाळ] [कांदा.सीएसव्ही]

गाळ्यात बसलेला माणूस हे वाचतो, ‘उन्हाळ’ आणि ‘कांदा’ वेगवेगळ्या कंसात पडलेले पाहतो, आणि अवतरण घालून ओळ पुन्हा लिहितो.